लायब्ररीचं कार्ड काढलंस, आता पुस्तकं कशी निवडशील?

बडोद्यातल्या मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीचं कार्ड काढलंस, फार बरं केलंस. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात आणून ही व्यवस्था उभी केली. तिथल्या मजल्याची काचेची जमीन नीट बघ. वरचा उजेड खालच्या मजल्यावरच्या लोखंडी रॅकपर्यंत पोचावा म्हणून ती तशी केलीय.

सुरुवातीला दोनच पुस्तकं घे, एक अभ्यासविषयाचं आणि एक आत्मचरित्र. विषय शक्यतो एकाच काळातले निवड. दुष्काळ अर्थशास्त्रात आकड्यांत वाचलास की आत्मचरित्रात तोच कुणाच्या तरी चुलीपाशी भेटतो. अशा जोडीने वाचलेलं विसरत नाही, हे मी अगदी खात्रीने सांगते.

मुखपृष्ठावर जाऊ नकोस. अनुक्रमणिका, शेवटची सूची आणि आवृत्तीचं साल बघ. इतिहासाचं जुनं पुस्तक चालतं. वैद्यक आणि कायद्याचं मात्र ताजंच हवं. अवघड प्रकरण खुशाल सोड, प्रस्तावना सोडू नकोस. लेखक कुणासाठी लिहितोय ते बहुधा तिथेच कळतं.

गुजराती तुला येतंच, तेव्हा त्या कपाटांकडेही वळ. टिपणं वहीत काढ, पान क्रमांकासकट. पहिली जोडी संपली की घरी ये, पुढची मिळून ठरवू.