नववी-दहावीची मुलं आजारपणामुळे सारखी शाळा बुडवतात. हे प्रमाण कमी कसं करता येईल?

तालुक्याच्या गावातल्या एका अनुदानित शाळेत मी गणित शिकवतो आणि नववीचा वर्गशिक्षक आहे. मीही तुमच्यासारखाच वैतागलो होतो. प्रत्येक चिठ्ठीत तेच वाक्य: 'पोटात दुखत असल्यामुळे काल शाळेत येऊ शकले नाही, तरी क्षमा असावी.' शेवटी एका जूनमध्ये ठरवलं, कॅटलॉगात गैरहजेरी मांडायची ती मांडायचीच, पण एका वेगळ्या वहीत वार आणि कारणही पेन्सिलीनं टिपायचं. चिठ्ठीतलं नव्हे, खरं कारण. गणिताच्या मास्तराला दुसरं काय सुचणार!

दिवाळीच्या सुट्टीत वही उघडून बसलो तेव्हा दिसलं की सात-आठ मुली साधारण चार-चार आठवड्यांनी दोन-तीन दिवस गायब असतात. शेजारच्या वर्गाच्या बाईंना वही दाखवली, तर त्या हसल्याच. "सर, यासाठी पाच महिने वही कशाला लिहायची? मला विचारायचं होतंत."

मुलींशी त्याच बोलल्या. पाळीत दुखतं हे खरंच, पण त्याहून मोठी अडचण निघाली ती संडासाची. दाराला आतून कडी नव्हती. एकीनं आत जायचं आणि मैत्रिणीनं बाहेर दार ओढून धरायचं. नळाला पाणी नाही, पॅड टाकायला डबा नाही. जायलाच लागू नये म्हणून काही मुली सकाळपासून पाणी पीत नव्हत्या. मग उन्हाळी लागायची आणि त्यात आणखी दोन दिवस जायचे. शिपाईमामांनी एका मधल्या सुट्टीत कडी बसवली. भरलेली बादली, झाकणाचा डबा आणि कुणाला न विचारता घेता येतील अशी पॅड्स, एवढंच केलं. आरोग्य केंद्राच्या डॉक्टर मॅडमना बोलावून आयांची बैठकही घेतली. त्यांनी सांगितलं, डॉक्टरांनी दिलेली दुखण्याची गोळी कळ असह्य होईपर्यंत थांबून घेऊ नका, दुखायला लागताच काहीतरी खाऊन घ्या; आणि तरीही मुलगी दर महिन्याला अंथरूण धरत असेल तर तपासायला आणा.

मग चक्कर आणि अशक्तपणा. पोषण आहार आठवीपर्यंतच मिळतो. नववीत गेलं की भूक कमी होते असा सरकारी समज असावा. एसटीनं येणारी पोरं पहाटे चहा-बिस्किटावर घर सोडतात आणि परिपाठाला उभी राहिली की मटकन खाली बसतात. त्यात रक्त कमी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या १०० पैकी ५९ मुलींना रक्तक्षय आढळला होता; मुलांमध्येही हे प्रमाण ३१ होतं. त्यासाठीच शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी देतात. आम्ही ती सोमवारी पहिल्या तासाला, म्हणजे उपाशीपोटी वाटायचो. मुलांना मळमळायचं. एकदा खिडकीतून खाली पाहिलं तर गोळ्यांचा निळा सडा! आता डबा खाल्ल्यावर देतो, समोर घ्यायला लावतो. शी काळी होईल, घाबरू नका, आणि गोळीनंतर तासभर तरी चहा नको, हे आधीच सांगून ठेवतो. वर्षातून दोनदा जंताची गोळी असते, त्या दिवशी गैरहजर असलेल्यांना नंतर आठवणीनं द्या.

वहीत एक गोष्ट मला टोचणारीही होती. शनिवारी 'डोकं दुखतं' वाल्यांची गर्दी व्हायची, आणि शनिवारी माझी चाचणी असायची. त्यातल्या एकाला खरोखर चष्मा लागलेला होता, फळ्यावरचं दिसायचंच नाही त्याला. बाकीच्यांचं दुखणं मी मार्क मोठ्यानं वाचायचं थांबवल्यावर बरंच ओसरलं. यावर जास्त काय बोलू!

शंभर टक्के हजेरीचं बक्षीस मात्र ठेवू नका. आमच्याकडे होतं. २०२३ च्या पावसाळ्यात डोळ्यांची साथ आली तेव्हा एक पोरगा लालभडक डोळे घेऊन बक्षिसासाठी वर्गात बसला आणि आठवड्यात दोन बाक रिकामे झाले. तापानं फणफणलेल्याला घरीच राहू द्या. तसंच खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासायला पाठवा, तपासणी फुकट असते.

आणि बरं झालेलं मूलही वही अपुरी आहे म्हणून आणखी दोन दिवस येत नाही. त्यासाठी बाकावरच्या जोडीदारानं त्याच संध्याकाळी वहीचे फोटो त्याच्या घरच्या मोबाइलवर पाठवायचे, असं ठरवून दिलंय. अक्षर वाईट असलं तरी चालतं.