सोसायटीच्या बागेसाठी लँडस्केप डिझायनर खरंच लागतो का? माळी पुरत नाही का, आणि फी किती घेतात?

लागतो. आणि हे "माळी पुरत नाही का" मी इतकं ऐकलंय ना, की आज लिहितेच.

बाणेरच्या एका स्कीमचं काम माझ्याकडे होतं. बाग पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या छताच्या स्लॅबवर. बिल्डरच्या साहेबांनी पहिल्याच मीटिंगला पु. ल. देशपांडे उद्यानाचे फोटो पुढे केले, म्हणे असे हिरवे उंचवटे पाहिजेत. अहो, ती बाग जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून केलीये आणि जमिनीवर आहे! स्लॅबवर फूटभर माती पावसाने भिजली की चौरस मीटरला ५०० किलोच्या वर वजन होतं, तीन फुटांचा उंचवटा म्हणजे दीड टन. मी सुचवलं, उंचवट्याच्या पोटात थर्माकोलचे ब्लॉक भरू, वर माती बेताची, आणि सगळीकडे मातीखाली ड्रेन सेल (पाणी वाहून नेणाऱ्या प्लास्टिकच्या पोकळ जाळ्या), त्यावर जिओटेक्स्टाईल (माती अडवून पाणी सोडणारं कापड), म्हणजे पाणी स्लॅबवर न साचता आउटलेटला जाईल. स्ट्रक्चरवाल्यांनाही पटलं. पण पझेशन जवळ आलं तसा ड्रेन सेलचा खर्च डोळ्यात यायला लागला आणि साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, चार झाडं लावायला ड्रॉइंग कशाला, आमचा माळी करेल."

ड्रेन सेल गेले, खडीसुद्धा नाही, सरळ माती ओतली आणि कडेने फायकसची रांग, ज्याच्या मुळ्या मिळेल त्या फटीत घुसतात. आता पावसाळ्यात खाली गाड्यांवर पाणी टपकतं, बीमवर चुन्याचे पांढरे ओघळ आलेत, लॉन कुजलीये, आणि शिव्या खातोय माळी. त्याचा काय दोष? छाटणी, खत, कुठल्या झाडाचं पाणी कधी तोडायचं हे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं, पण स्लॅबचा उतार बघणं त्याचं कामच नाही.

तुमची बाग पोडियमवर असेल तर आधी बिल्डरकडून स्ट्रक्चरल ड्रॉइंग मागा, मातीसाठी किती लोड धरलाय ते बघा, मगच झाडांचं बोला. आणि कोणी ड्रेन सेलचा थर वगळायला सांगितलं तर लेखी घ्या. मी तेव्हा विरोध मेलवर कळवला होता, तो मेल अजून आहे, तरी साहेब आजही सांगत फिरतात की डिझाइनच चुकलं होतं. नव्हतं चुकलं.

हां, बाग जमिनीवर आणि छोटी असेल तर चांगला माळी पुरतो, बहावा-ताम्हण लावा, छान होतात. फी कोणी चौरस फुटावर घेतं, कोणी लमसम, त्यात साइट व्हिजिट धरल्यात का तेवढं विचारून घ्या.