सीए रिपोर्टमध्ये रक्तगट ‘इनकन्क्लुझिव्ह’ आला, म्हणजे फॉरेन्सिक लॅबने नीट काम केलं नाही का?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या भावाच्या खुनाच्या केसमध्ये आरोपीच्या शर्टावर मानवी रक्त सापडलं, पण सीए (केमिकल अ‍ॅनालायझर, म्हणजे लॅबमधला रासायनिक विश्लेषक) रिपोर्टमध्ये रक्तगटापुढे ‘इनकन्क्लुझिव्ह’ असं लिहून आलं. लॅबमध्ये काही दाबलं गेलं का, अशी शंका तुम्हाला येते. शंका समजण्यासारखी आहे, पण त्या शब्दाचा अर्थ एवढाच की त्या डागावरून गट ठरवता आला नाही. रक्त भावाचं नाही, असं तो शब्द म्हणत नाही. आणि असं घडण्याचं कारण बहुतेक वेळा लॅबमध्ये नसतं. मुद्देमाल लॅबच्या खिडकीवर पोहोचण्याआधीच ते घडून गेलेलं असतं.

आधी कोण काय करतं ते बघा. पुरावा गोळा करणं, जप्ती पंचनामा, सील आणि लॅबला पाठवणं ही तपास अधिकाऱ्याची जबाबदारी. रक्त, विष, डीएनए, गोळ्या-काडतुसं, मोबाईल वगैरे न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत, म्हणजे फॉरेन्सिक लॅबमध्ये, जातं. तिचं मुख्यालय मुंबईत कलिन्याला आहे, आणि नागपूर, पुणे, छत्रपती संभाजीनगर, नाशिक, अमरावती वगैरे ठिकाणी प्रादेशिक प्रयोगशाळा आहेत. बोटांचे ठसे आणि हस्ताक्षर मात्र सीआयडीच्या तज्ज्ञांकडे जातं. ‘सगळं कलिन्याला गेलंय’ असं पोलीस ठाण्यात कुणी सांगितलं तर ठशांचं काय झालं, हे वेगळं विचारा.

आता तुमच्या शर्टाकडे येऊ. रक्ताची तपासणी टप्प्याटप्प्याने होते. पहिली प्राथमिक चाचणी: फिल्टर पेपर डागावर हलकेच घासायचा, त्यावर फिनॉल्फ्थॅलिनच्या अभिकर्मकाचा एक थेंब टाकायचा आणि मग हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब. काही सेकंदांत गडद गुलाबी रंग आला तर रक्त असण्याची शक्यता. पेरॉक्साइड टाकायच्या आधीच गुलाबी झालं तर ती चाचणी धरायची नाही, कारण गंज किंवा तांब्याचे क्षारही हा रंग आणतात. म्हणून पुढे खात्रीची चाचणी, आणि त्यानंतर रक्त माणसाचं की प्राण्याचं याची चाचणी होते. तुमच्या रिपोर्टमध्ये ‘मानवी’ लिहिलंय, म्हणजे इथपर्यंत सगळं पार पडलं.

गट काढायचं काम याहून नाजूक असतं. डागातला जेमतेम अर्धा सेंटिमीटर धागा काढून त्यावर अँटीसीरम (ठरावीक गटाच्या रक्ताला चिकटणारी प्रतिद्रव्यं असलेला द्रव) घालतात, ते साधारण रात्रभर थंड ठेवतात, मग गार सलाइनने पुन्हा पुन्हा धुतात. त्यानंतर सुमारे ५५ अंशांवर तापवलं की धाग्याला चिकटलेली प्रतिद्रव्यं सुटून येतात. त्यांत ज्ञात गटाच्या पेशी टाकायच्या आणि त्यांच्या गुठळ्या होतात का ते सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. डागातले प्रतिजन, म्हणजे रक्तपेशींवरचे गट ठरवणारे रेणू, शाबूत असतील तरच हे जमतं. शर्ट धुतला असेल, घामाने ओला राहिला असेल किंवा ओलाच प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधला असेल, तर जीवाणू दोन-तीन दिवसांत या प्रतिजनांचा फडशा पाडतात. काही जीवाणू तर ‘बी’ गटासारखी खोटी प्रतिक्रिया देतात. अशा वेळी प्रामाणिक विश्लेषकाने ‘इनकन्क्लुझिव्ह’ लिहिणंच योग्य. अंदाजाने गट लिहिला असता तर तो खरा अन्याय झाला असता.

पिशवीचा हा मुद्दा फार साधा आहे आणि त्यातच सर्वांत जास्त नुकसान होतं. रक्ताचे कपडे सावलीत, वाऱ्यावर पूर्ण वाळवायचे, घड्यांमध्ये कोरा कागद घालायचा आणि प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पाकिटात ठेवायचा. मयताचे आणि आरोपीचे कपडे एकाच टेबलावर उघडायचे नाहीत. नाहीतर एका कपड्यावरचं रक्त दुसऱ्यावर गेलं नाही, हे नंतर कुणालाच सिद्ध करता येत नाही. जाळपोळीच्या केसमध्ये नेमकं उलट करावं लागतं. पेट्रोल-रॉकेलचा वास असलेली राख हवाबंद डब्यात किंवा काचेच्या बरणीत ठेवायची, कारण कागदातून आणि साध्या प्लॅस्टिकमधूनही त्या वाफा उडून जातात. जागेवर घाईत असलेला माणूस दोन्हींसाठी हाताला लागेल ती पिशवी वापरतो, आणि महिन्यांनी रिपोर्ट कोरा येतो.

पंचनाम्यात ‘रक्तमिश्रित माती’ आणि ‘साधी माती’ असे दोन नमुने लिहिलेले तुम्ही पाहिले असतील. साध्या मातीची पुडी लोकांना निरुपयोगी वाटते. पण मातीतले घटकच चाचणीत ढवळाढवळ करतात की नाही, हे फक्त त्या पुडीवरून कळतं. ती नसेल तर रक्तमिश्रित मातीच्या निकालाचा अर्थ लावणं कठीण होतं.

मयताच्या रक्ताचा नमुना हाही असाच महत्त्वाचा. गट जुळवायचा कशाशी? पोस्टमॉर्टेमच्या वेळी घेतलेलं रक्त खराब झालं असेल तर मयताचा गटही ‘इनकन्क्लुझिव्ह’ येतो, आणि मग शर्टाचा गट निघूनही उपयोग होत नाही. गट जुळला तरी तो ओळख पटवत नाही, कारण एका गटाची माणसं लाखोंनी असतात. आरोपीचा आणि मयताचा गट एकच असेल तर तो पुरावा जवळपास बोलतच नाही.

म्हणूनच तुमच्या केसमध्ये डीएनए तपासणी झाली का, हा खरा प्रश्न आहे. एक नॅनोग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे शे-दीडशे पेशींतला डीएनए चांगला असेल तर प्रोफाइल निघू शकते. गट न निघालेल्या डागातूनही ती कधीकधी निघते. त्यासाठी तुलनेचं रक्त ईडीटीएच्या नळीत, म्हणजे जांभळ्या झाकणाच्या नळीत, बर्फपेटीतून जायला हवं, किंवा खास कार्डावर वाळवून. हेपॅरिनच्या नळीतलं रक्त पीसीआरला, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या प्रक्रियेला, अडथळा करतं आणि फॉर्मेलिनमध्ये ठेवलेल्या अवयवांतला डीएनए तुटतो.

व्हिसेऱ्याबाबतही (पोस्टमॉर्टेममध्ये काढून ठेवलेले अवयव) फॉर्मेलिनची हीच चूक होते. विष शोधायचं असेल तर जठर, लहान आतड्याचा तुकडा, यकृत आणि मूत्रपिंडाचे भाग सर्वसाधारणपणे मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवतात. बरणी दोन-तृतीयांश भरतात आणि नुसत्या द्रावणाचा नमुनाही सोबत देतात. दारूसाठीच्या रक्तात सोडियम फ्लोराइड नसेल तर ते आंबून नवीनच अल्कोहोल तयार होऊ शकतं, आणि स्पिरिटने कातडी पुसून सुई टोचली असेल तर बचाव पक्षाला आयताच मुद्दा मिळतो.

घटनास्थळाजवळचं सीसीटीव्ही असेल तर तेही बघा. जप्तीच्या क्षणी डीव्हीआरच्या (कॅमेऱ्याचं चित्रण साठवणाऱ्या यंत्राच्या) घड्याळात किती वाजले होते आणि प्रत्यक्षात किती, हा फरक पंचनाम्यात नोंदला नसेल तर नंतर मिनिटांवरून वाद होतो. त्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र आणि हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलवरून काढलेला तिचा खास सांकेतिक क्रमांक, लागते. फाइलमध्ये एक बिट जरी बदलला तरी हॅश बदलते.

आता सर्वांत दुर्लक्षित कागद: लॅबला दिलेलं पत्र. त्यात नुसतं ‘मुद्देमाल तपासून अहवाल मिळावा’ असं असेल तर विश्लेषक रक्त आहे का आणि कोणत्या गटाचं, एवढंच बघतो. ‘क्रमांक ३ वरील डागाची डीएनए प्रोफाइल क्रमांक ७ मधील मयताच्या रक्ताशी जुळते का’ असं विचारलं तर तसं उत्तर मिळतं. प्रश्न विचारणं हे तपास अधिकाऱ्याचं काम आहे, आणि विश्लेषकाला प्रकरणाची हकिकत जितकी नेमकी कळते तितका तो योग्य डाग निवडतो.

तारखाही तपासा. जप्ती कधीची, मुद्देमाल रजिस्टरला नोंद कधीची, हवालदार तो घेऊन कधी निघाला, लॅबची पोहोच कधीची. मधले दिवस मुद्देमाल कुणाच्या ताब्यात, कुठल्या कपाटात होता याची नोंद हवी. सील शाबूत होतं आणि सोबतच्या नमुना सीलशी जुळलं, हे लॅबच्या रिपोर्टमध्ये लिहिलेलं असतं. ते वाक्य नक्की वाचा.

कायद्याचं थोडक्यात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) नुसार सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचं आहे, मात्र ही तरतूद अंमलात आणायला राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. कलम ३२९ खाली लॅबचा रिपोर्ट तज्ज्ञाला न बोलावताही पुराव्यात वाचता येतो, पण न्यायालय तज्ज्ञाला समन्स काढू शकतं.

तुम्ही करायच्या गोष्टी. वकील लावला असेल तर त्याच संहितेच्या कलम २३० खाली पीडित पक्षाला दोषारोपपत्राच्या प्रती मिळतात. त्यातून लॅबला दिलेलं पत्र, पोहोच, रिपोर्टची सर्व पानं आणि जप्ती पंचनामा एकत्र लावून बघा. डीएनए मागितलाच नसेल आणि शर्टावर डागाचा भाग शिल्लक असेल, तर सरकारी वकिलांमार्फत अधिक तपासाची मागणी करा. खटला सुरू झाला असेल तर कलम १९३(९) खाली न्यायालयाची परवानगी लागते. उशीर करू नका. लॅबने तपासलेला मुद्देमाल पुन्हा सील करून परत दिलेला असतो आणि तो पोलीस ठाण्याच्या किंवा न्यायालयाच्या मुद्देमाल खोलीत असतो. पावसाळ्यात तिथे ओल असेल तर उरलेला डागही जातो. अर्जातच तो कपडा कोरड्या जागी, कागदी पाकिटात ठेवण्याचा आदेश मागून घ्या.