‘विल’ की ‘गोइंग टू’?

प्रश्न : मी मराठी माध्यमाच्या शाळेत नववीला इंग्रजी शिकवते. ‘आय विल गो’, ‘आय ॲम गोइंग टू गो’, ‘आय ॲम गोइंग’ आणि ‘आय गो’ या चारही वाक्यांचा अर्थ मुले ‘मी जाणार आहे’ असाच सांगतात आणि मग कोणते केव्हा वापरायचे, असे विचारतात. जवळच्या काळासाठी ‘गोइंग टू’ आणि दूरच्या काळासाठी ‘विल’, असे मी आजवर सांगत आले; पण वाचनात त्याच्या उलट उदाहरणे सापडतात. नेमका नियम काय समजावा?
– एक शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : आपल्याला उलट उदाहरणे सापडली याचे कारण असे, की जवळ-दूर हा निकषच येथे लागू पडत नाही. ‘आय ॲम गोइंग टू बी अ डॉक्टर’ असे सहावीतली मुलगी म्हणते तेव्हा ती दहा-बारा वर्षांनंतरचे बोलत असते, आणि दारावरची घंटा वाजताच ‘आय विल ओपन इट’ म्हणणारा पुढच्या चार सेकंदांचे. पाहायचे ते एवढेच, की बोलण्याच्या क्षणी त्या घटनेचे मूळ कोठे आहे. निर्णय आधीच मनात झालेला असेल, किंवा घटनेची चिन्हे डोळ्यांसमोर दिसत असतील, तर ‘गोइंग टू’. निर्णय बोलता बोलताच होत असेल, किंवा आपण केवळ अंदाज, वचन अथवा अट घालून इशारा देत असू, तर ‘विल’.

यासाठी मुलांना स्वयंपाकघरातले उदाहरण द्यावे. दूध पातेल्याच्या काठापर्यंत चढलेले दिसते तेव्हा आपण ‘दूध उतू जाणार!’ असे ओरडतो. इंग्रजीत ते ‘द मिल्क इज गोइंग टू बॉइल ओव्हर!’ होईल. दूध अजून शांत असताना आई ‘गॅस बारीक कर, उतू जाईल’ म्हणते, तेथे ‘इट विल बॉइल ओव्हर’, कारण त्यात ‘बारीक केला नाहीस तर’ ही अट दडलेली आहे. म्हणजे ‘-णार’ आणि ‘-ईन, -शील, -ईल’ हा भेद मराठीतही आहे आणि तो मुलांच्या कानाला उपजत कळतो. ‘जाणार’ हे रूप ‘जाणारा’च्या कुळातले, म्हणून त्यात ठरलेपण आहे. इंग्रजी ‘विल’चे मूळ मात्र ‘इच्छिणे’ या अर्थाच्या जुन्या क्रियापदात आहे, आणि ती इच्छा आजही पूर्ण विरलेली नाही. गाडी काही केल्या सुरू होत नसेल, तर इंग्रज ‘द कार वोन्ट स्टार्ट’ म्हणतो. गाडी जणू ऐकतच नाही. तेथे भविष्यकाळाचा प्रश्नच नसतो.

एवढे जुळते म्हणून ‘-णार’ला ‘गोइंग टू’ आणि ‘-ईन’ला ‘विल’ असे कोष्टक फळ्यावर लिहून द्यावे, असा मोह होईल. कृपा करून तसे करू नये. मराठी माणसाच्या इंग्रजीतल्या बहुतेक चुका या कोष्टकाबाहेरच्या वाक्यांत होतात, कारण आपण भविष्याची गोष्ट वर्तमानकाळात आणि क्वचित भूतकाळातही सांगतो. घंटा वाजल्यावर आपण ‘मी उघडीन’ म्हणत नाही, ‘थांब, मी उघडतो’ म्हणतो. निरोप घेताना ‘उद्या येतो’ म्हणतो. हाक आली की ‘आलो, आलो’ म्हणतो, आणि तेव्हा आपण जागचे हललेलेही नसतो. मुले यांची रूपे पाहून भाषांतर करतात आणि ‘आय ओपन’, ‘टुमारो आय कम’, ‘आय केम’ अशी वाक्ये वहीत उतरतात. येथे अनुक्रमे ‘आय विल ओपन इट’, ‘आय विल कम टुमारो’ आणि ‘आय ॲम कमिंग’ हवे. क्रियापदाचा प्रत्यय पाहू नका, बोलणाऱ्याच्या मनात काय चालले आहे ते पाहा, ही एकच गोष्ट मुलांच्या मनावर बिंबवता आली, तर वर्षभराच्या श्रमांचे चीज झाले असे मी मानेन.

आता उरलेली दोन रूपे. ‘आय ॲम सीइंग द डेंटिस्ट ऑन फ्रायडे’ हे चालू वर्तमानकाळाचे रूप भविष्यासाठी येते, ते ठरावात दुसरी बाजूही सामील असते तेव्हा : वेळ घेतली आहे, तिकीट काढले आहे, पाहुण्यांना कळवले आहे. ‘आय ॲम गोइंग टू सी अ डेंटिस्ट’ म्हणणाऱ्याने मनाशी ठरवले आहे, पण दवाखान्यात अजून फोन केलेला नसेल. पावसाशी असा करार कोणी करीत नाही, म्हणून ‘इट इज रेनिंग टुमारो’ हे चूक. साधा वर्तमानकाळ वेळापत्रकासाठी येतो : ‘द डेक्कन क्वीन लीव्हज पुणे ॲट सेव्हन फिफ्टीन’. मराठीतही आपण ‘सव्वासातला सुटते’ असेच म्हणतो, त्यामुळे येथे फारसे अडत नाही.

अडते ते जोडवाक्यांत. ‘तू येशील तेव्हा सांगेन’ या वाक्यात मराठी दोन्हीकडे भविष्यकाळ वापरते, आणि मुले सरळ ‘व्हेन यू विल कम’ लिहितात. वेळ दाखवणाऱ्या ‘व्हेन’च्या किंवा अट सांगणाऱ्या ‘इफ’च्या उपवाक्यात इंग्रजी साधारणपणे ‘विल’ घेत नाही. ‘व्हेन यू कम, आय विल टेल यू’ असे म्हणते. हा एकच नियम पाठ करण्याजोगा आहे.

प्रश्न : आमच्या वेळी ‘आय’ आणि ‘वुई’ यांच्याबरोबर ‘शाल’च लिहावे लागे आणि ‘विल’ लिहिल्यास गुण कापले जात. आता नातवाच्या वहीत सर्वत्र ‘विल’ दिसते. ते बरोबर आहे का?
– एक निवृत्त वाचक, नागपूर

उत्तर : बरोबर आहे. आपण शिकलात तो नियम जॉन वॉलिस या इंग्रज गणितज्ञाने १६५३ मध्ये लॅटिनमधून लिहिलेल्या इंग्रजीच्या व्याकरणात मांडला आणि पुढे शाळांनी तो उचलून धरला. पण लोकांचे बोलणे त्या नियमात कधी पुरते बसले नाही. आज ‘आय शाल’ लिहिले तर ते चूक नसते, जुन्या वळणाचे मात्र वाटते. तरीही ‘शाल’ला दोन जागी पर्याय नाही असे मला वाटते. पहिली जागा दुसऱ्याची अनुमती विचारण्याची : ‘खिडकी उघडू का?’ या अर्थी ‘शाल आय ओपन द विंडो?’ असेच म्हणावे. ‘विल आय’ म्हटल्यास ‘मी उघडीन का?’ असा विचित्र प्रश्न होतो. दुसरी जागा कायद्याची. ‘शाल’चे मूळ ‘देणे असणे, बांधील असणे’ या अर्थात आहे आणि कायद्याच्या भाषेने ते बंधन जपले आहे. भारतीय संविधानाच्या पहिल्याच अनुच्छेदाच्या इंग्रजी पाठात ‘इंडिया, दॅट इज भारत, शाल बी अ युनियन ऑफ स्टेट्स’ असे शब्द आहेत. तेथील ‘शाल’ पुढे काय होईल याचा अंदाज बांधत नाही. तो आज्ञा देतो.