नावं जुळत नाहीत, मग पुश कुठे जाणार?

(गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन, ब्रँच म्हणजे त्यातली कामाची वेगळी शाखा, पुश म्हणजे बदल सर्व्हरवर पाठवणं आणि पुल म्हणजे तिथून आणणं. कमांड वाचायला सोयीच्या म्हणून देवनागरीत छापल्या आहेत, टाइप करताना नेहमीच्या रोमन अक्षरांत लिहाव्यात.)

प्रश्न : माझ्या मशीनवर ब्रँचचं नाव 'फिक्स', सर्व्हरवर तिचंच नाव 'रिलीज/२.४'. ट्रॅकिंग लावलं (म्हणजे माझी ब्रँच सर्व्हरवरच्या ब्रँचशी जोडली), पुल व्यवस्थित होतो, पण नुसतं 'गिट पुश' केलं की गिट अडून बसतं. ट्रॅकिंग चुकलं का?

उत्तर : नाही, ट्रॅकिंग बरोबर आहे. 'गिट ब्रँच --सेट-अपस्ट्रीम-टू=ओरिजिन/रिलीज/२.४' चालवल्यावर (ओरिजिन म्हणजे सर्व्हरचं गिटमधलं नाव, अपस्ट्रीम म्हणजे तिथली जोडलेली ब्रँच) 'डॉट गिट' फोल्डरमधली कॉन्फिग फाइल उघडून पाहा. 'ब्रँच "फिक्स"' या शीर्षकाखाली दोनच ओळी दिसतील : 'रिमोट = ओरिजिन' आणि 'मर्ज = रेफ्स/हेड्स/रिलीज/२.४'. बदल कुठून आणायचे ते या ओळी सांगतात. पाठवायचे कुठे, हे 'पुश.डीफॉल्ट' हे सेटिंग ठरवतं. २०१४ च्या गिट २.० पासून त्याची मूळ किंमत 'सिंपल' आहे, आणि सिंपल दोन्हीकडची नावं सारखी नसतील तर पुश नाकारतं.

नकार देताना गिट दोन पर्याय सुचवतं, तिथे घाई करू नका. 'गिट पुश ओरिजिन हेड:रिलीज/२.४' हा तुमच्या कामाचा (हेड म्हणजे तुम्ही सध्या जिच्यावर आहात ती ब्रँच). दुसरा, म्हणजे नुसता 'गिट पुश ओरिजिन हेड', सर्व्हरवर 'फिक्स' नावाची नवी ब्रँच उघडतो. बदल तर गेले, पण रिलीजमध्ये दिसत नाहीत, अशी तक्रार बहुतेक वेळा इथून सुरू होते.

रोज हेड:अमुक लिहिणं जिवावर येत असेल, तर त्या एका रिपॉझिटरीपुरतं (म्हणजे त्या प्रकल्पापुरतं) 'गिट कॉन्फिग पुश.डीफॉल्ट अपस्ट्रीम' करा. 'ग्लोबल' (सगळ्या रिपॉझिटरींना लागू) मात्र लावू नका, हे आम्ही आग्रहाने सांगतो. 'ओरिजिन/मेन' वरून नवी ब्रँच काढली की गिट आपणहून 'ओरिजिन/मेन' हेच तिचं अपस्ट्रीम ठेवतं. मग साधा पुश अर्धवट काम थेट मेनमध्ये नेऊन टाकतो. हा धोका त्या एका रिपॉझिटरीतही असतोच. म्हणून तिथे नवी ब्रँच काढताना '--नो-ट्रॅक' जोडा, किंवा 'ब्रँच.ऑटोसेटअपमर्ज' ला 'सिंपल' करा (गिट २.३७ पासून). मग नाव सारखं असेल तरच ट्रॅकिंग लागतं.

काही जण 'रिमोट.ओरिजिन.पुश' मध्ये 'रेफ्स/हेड्स/फिक्स:रेफ्स/हेड्स/रिलीज/२.४' अशी जोडी लिहून ठेवतात. ती चालते, पण पुश.डीफॉल्टला बाजूला सारते. तुम्ही दुसऱ्याच ब्रँचवर उभे असाल तरी नुसता पुश 'फिक्स' च पाठवतो, आणि तुम्ही उभे असलेली ब्रँच जिथल्या तिथे राहते.

प्रश्न : अपस्ट्रीम लावताना 'अशी ब्रँच अस्तित्वात नाही' असं उत्तर येतं. सर्व्हरवर ती डोळ्यांनी दिसते आहे! फेच करूनही (सर्व्हरवरची ताजी माहिती आणूनही) फरक नाही.

उत्तर : क्लोन (सर्व्हरवरून उतरवलेली प्रत) '--सिंगल-ब्रँच' ने किंवा '--डेप्थ' ने (फक्त अलीकडचा इतिहास घेऊन) केलेला असावा, डेप्थ दिलं की एकच ब्रँच येते. 'गिट कॉन्फिग --गेट-ऑल रिमोट.ओरिजिन.फेच' चालवा. उत्तरात 'रेफ्स/हेड्स/*' ऐवजी फक्त मेनचं नाव दिसलं, तर फेच बाकी ब्रँचेसकडे बघतच नाही. 'गिट रिमोट सेट-ब्रँचेस --ॲड ओरिजिन रिलीज/२.४', मग 'गिट फेच', आणि त्यानंतर अपस्ट्रीम. '--ॲड' विसरलात तर आधीची यादी पुसली जाते.

प्रश्न : गिटहबवरच्या पुल रिक्वेस्टला (बदल सामावून घेण्याच्या विनंतीला) ट्रॅक करता येतं का? ती 'रेफ्स/हेड्स' खाली नाही.

उत्तर : येतं, पण ओळी हाताने लिहाव्या लागतात. तुमची ब्रँच 'तपासणी' आणि रिक्वेस्ट १२ असेल, तर 'गिट कॉन्फिग ब्रँच.तपासणी.रिमोट ओरिजिन' आणि 'गिट कॉन्फिग ब्रँच.तपासणी.मर्ज रेफ्स/पुल/१२/हेड'. पुल लगेच चालू होतो. 'गिट स्टेटस' मात्र किती कमिट (नोंदवलेले बदल) पुढे-मागे ते सांगत नाही, कारण त्या रेफची (गिटमधल्या त्या पत्त्याची) प्रत तुमच्याकडे साठवलेली नाही. तो आकडा हवा असेल तर 'गिट कॉन्फिग --ॲड रिमोट.ओरिजिन.फेच' ला '+रेफ्स/पुल/१२/हेड:रेफ्स/रिमोट्स/ओरिजिन/पीआर/१२' ही किंमत देऊन पुन्हा फेच करा. पुश या वाटेने होणार नाही : गिटहब हे रेफ्स फक्त वाचू देतं, त्यामुळे बदल रिक्वेस्टच्या मूळ ब्रँचवरच पाठवावे लागतात.