खाडीत पायलिंग सुरू असताना पक्ष्यांना होणारा त्रास गणनेच्या नोंदी वापरून कसा कमी करावा?

तुम्ही विचारलंय की खाडीत पुलाचं पायलिंग, म्हणजे खांबांसाठी तळात खोल पाया घालण्याचं काम, सुरू होणार आहे, हाताशी मागच्या पक्षीगणनेची एक्सेल शीट आहे, तर तिचा प्रत्यक्ष उपयोग काय करायचा. मी ठाणे खाडीत गणनेला जातो आणि खाडीकाठच्या कामांवर नोंदीही ठेवल्या आहेत, म्हणून तिथलंच सांगतो.

सगळ्यात आधी शीटमध्ये भरती-ओहोटीचा रकाना आहे का बघा. बहुतेकदा तारीख, वेळ, पक्षी आणि संख्या एवढंच असतं. त्यावरून काहीच ठरवता येत नाही, कारण ओहोटीला ज्या चिखलावर हजारो फ्लेमिंगो असतात तिथे भरतीला नुसतं पाणी असतं. रकाना नसला तरी मागाहून भरता येतो. भरतीचे छापील तक्ते मिळतात, आणि कोळी लोकांचा हिशोब तर आहेच: तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीला तीनच्या सुमारास पूर्ण भरती, अष्टमीला सहाच्या. तिथून साधारण सहा तासांनी ओहोटी.

आता अडचण अशी की भरती रोज अंदाजे ५० मिनिटं पुढे सरकते आणि साइट मात्र घड्याळावर चालते. त्यामुळे ‘सकाळी ८ ते ११ मोठा आवाज नको’ अशी अट घातली, तर आठवड्याभरात ती चुकीच्या वेळेवर जाऊन बसते. अट भरतीला बांधायला हवी. चिखल पाण्याखाली असताना पायलिंग आणि तोडफोड. चिखल उघडा पडला की सळ्या बांधणं, शटरिंग (काँक्रीटसाठी साचे लावणं) अशी शांत कामं. इंजिनीअरला महिन्याचा तक्ता आधीच हातात दिला तर तो त्याप्रमाणे आखणी करतो, असा माझा अनुभव आहे.

पण साइटच्या शेजारी भरतीच्या वेळी विसावण्याची जागा असेल तर हेच गणित उलटं करावं लागेल. नवी मुंबईत सीवूड्‌सच्या डीपीएस तलावावर किंवा टी. एस. चाणक्यच्या पाणथळीवर पक्षी येतात ते भरतीलाच, कारण तेव्हा खाडीत पाय टेकायला जागा उरलेली नसते. तिथून उठवले तर त्यांनी जायचं कुठे? म्हणून दोन्ही जागांची गणना वेगवेगळी ठेवा.

फक्त संख्येवर विसंबू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. फ्लेमिंगो चरताना चोच उलटी करून चिखलपाण्यात घालतो आणि गाळून खातो. आवाज झाला की माना वर येतात, थवा आखडतो, सगळे एका दिशेने चालू लागतात, आणि उडतात ते त्यानंतर. संख्या तीच राहते, पण खाणं थांबलेलं असतं. म्हणून दर पाच मिनिटांनी थव्यावर दुर्बीण फिरवून किती चरतायत आणि किती मान वर करून उभे आहेत, एवढं लिहा. मार्च-एप्रिलमध्ये हे फारच महत्त्वाचं, कारण तुतवार, चिखल्या हे चिखलावर चरणारे छोटे स्थलांतरी पक्षी उत्तरेकडच्या लांब प्रवासासाठी तेव्हाच अंगावर चरबी चढवत असतात.

आवाज मशीनजवळ मोजून उपयोग नाही, पक्षी जिथे आहेत तितक्या अंतरावर मोजा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की एका ठिकाणचा आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. एकसारख्या घरघरीला पक्षी बरेचदा सरावतात. अचानक दणका बसला किंवा माणूस पायी चिखलात उतरला की उठतात. शिवडीच्या चिखलावरून जाणाऱ्या अटल सेतूवर त्या टप्प्यात ध्वनिरोधक बसवले आहेत, पण बांधकाम चालू असतानाचा त्रास मुख्यतः वेळापत्रकानेच कमी होतो.

काम नसलेली एखादी तशीच जागा त्याच ओहोटीला मोजत राहा. मे-जूनमध्ये फ्लेमिंगो तसेही गुजरातकडे जायला लागतात. ही दुसरी जागा नसेल तर ती घट कामामुळे की हंगामामुळे, हे सांगता येणार नाही.

आणि काम सुरू होण्याआधीच लेखी ठरवून घ्या: चरणाऱ्यांचं प्रमाण कितीवर आलं की रिग (पायलिंगचं यंत्र) थांबवायची, आणि निरीक्षकाने फोन नेमका कोणाला करायचा. तो माणूस त्या वेळी साइटवर हजर असलेला आणि रिग थांबवण्याचा अधिकार असलेलाच हवा.