बार्बीचं फर्निचर १/६ स्केलच्या अ‍ॅक्शन फिगरच्या डायोरामात (छोट्या प्रमाणात मांडलेल्या देखाव्यात) चालेल का? गुलाबी चकाकी कशी घालवायची?

चालेल, पण रंगाच्या आधी उंची मोजा. खेळणं वाटतं ते बहुतेकदा मापामुळे. बार्बी सुमारे २९ सें.मी. आणि १/६ ची फिगर ३० च्या आसपास, त्यामुळे कागदावर दोन्ही जुळतात. प्रत्यक्षात बार्बीच्या खुर्च्या पुष्कळदा बुटक्या आणि अरुंद असतात, आणि बूट-जॅकेट घातलेला सैनिक त्यात मावत नाही. हिशोब सोपा आहे: खरं माप भागिले ६. खुर्चीची बैठक ४५ सें.मी.वर असते, म्हणजे इथे ७.५, टेबल ७५ चं, म्हणजे १२.५. कमी पडलं तर पायांना लाकडी ठोकळे चिकटवून उंची वाढवा.

मी जुने सेट रंगवतो त्याचा क्रम असा:

- साबणाच्या पाण्याने धुवा, ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने चकाकी उतरवा.
- प्लास्टिकचा प्रायमर, त्यावर अ‍ॅक्रिलिकचे दोन-तीन पातळ हात.
- पाणी घालून पातळ केलेला काळपट तपकिरी रंग फासून लगेच पुसा. खाचांत मळ साचल्यासारखा दिसतो, आणि अर्धी जादू इथेच होते.
- शेवटी मॅट वार्निश. ग्लॉसी नको, सगळी मेहनत वाया जाते.

हे कडक प्लास्टिकसाठी. बॅगा, बूट अशा मऊ व्हिनाइलच्या वस्तूंवर स्प्रे पेंट मारू नका. व्हिनाइलमधल्या प्लास्टिसायझरमुळे (ते मऊ ठेवणाऱ्या रसायनामुळे) तो महिनोन्‌महिने चिकट राहू शकतो. तिथे ब्रशने अ‍ॅक्रिलिकच लावा, आणि आधी आतल्या बाजूला थोडंसं लावून पाहा.